ट्रॉलरवरचा जीपीएस कशाने आंधळा होतो, ते असं शोधा

उपग्रहाचा सिग्नल खाली पोचेपर्यंत जेमतेम उणे १३० डीबीएम, म्हणजे अगदी नगण्य ताकदीचा, उरतो. शेजारच्या फ्रिक्वेन्सी-पट्ट्यात जोरदार प्रक्षेपण असेल, तर ते आपली हद्द न ओलांडताही रिसीव्हरला बधिर करतं. अमेरिकेत लाइटस्क्वेअर्ड या ब्रॉडबँड कंपनीवरून रण माजलं ते यामुळेच. जीपीएस १५७५.४२ मेगाहर्ट्झवर, आणि त्यांना ब्रॉडबँडचे मनोरे हवे होते १५२५ ते १५५९ मध्ये. २०२० साली त्याच कंपनीला, लिगाडो या नव्या नावाने, परवानगी मिळाली. पण मनोऱ्याची ताकद सुमारे १० वॉटवर आणून आणि मध्ये २३ मेगाहर्ट्झ मोकळे सोडून.

आपल्याकडे मोबाइलचे टॉवर या पट्ट्यात नाहीत. म्हणून आधी बोटीवरच शोधा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोटी गोव्यातल्या मालीम जेटीला बांधलेल्या असतात. हे काम तेव्हाच उरका.

राउटर, व्हीएचएफ (बोटीवरचा बोलायचा रेडिओ), टीव्हीचा बूस्टर, एलईडी दिवे, चार्जर, सगळं बंद करा. जीपीएसवर उपग्रहांचं पान उघडून पंधरा मिनिटं थांबा आणि प्रत्येक उपग्रहाच्या सिग्नलच्या जोराचा आकडा लिहून घ्या. चाळिशीच्या आसपास असेल तर उत्तम, बरेचसे तिशीखाली असतील तर गडबड आहे. मग एकेक वस्तू सुरू करून पाच-पाच मिनिटं आकडे बघा. टीव्हीच्या बूस्टरकडे विशेष लक्ष द्या: कॅलिफोर्नियातल्या मॉस लँडिंग बंदरात २००१ साली अशाच बूस्टरांनी बंदरभर जीपीएस बंद पाडला होता. व्हीएचएफचं बोलायचं बटण आधी १ वॉटवर, मग २५ वर दाबून बघा. संकटाच्या हाकेचा चॅनल १६ मात्र चाचणीसाठी वापरू नका. दाबताच आकडे पडत असतील, तर दोन्ही अँटेनांत निदान एक मीटर अंतर ठेवा. जीपीएसचा अँटेना रडारच्या झोतातही नको.

सगळं बंद असूनही आकडे कमीच? मग केबल तपासा. अँटेनाकडचं टोक सोडा, सेट चालू ठेवा आणि मधली पिन व बाहेरचं कवच यांत मल्टीमीटर लावा. बहुतेक सेट तिथे ३ ते ५ व्होल्ट देतात. व्होल्ट नसतील तर अँटेनातला, सिग्नल वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर उपाशी आहे. जोडात हिरवा गंज दिसला तर केबल लखलखीत तांबं लागेपर्यंत कापा, नवा कनेक्टर बसवा आणि वरून रबरी टेप ताणून गुंडाळा. खाऱ्या वाऱ्यात नुसती काळी टेप टिकत नाही.

शेजारच्या दोन-तीन बोटींवरही त्याच वेळी आकडे पडत असतील, तरच दोष बाहेरचा धरा. वेळ, जागा आणि पडद्याचे फोटो जोडून दूरसंचार विभागाच्या वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशनकडे लेखी तक्रार करा.