दिवाळी पहाटच्या रेकॉर्डिंगमधला वारा
मैदानावरची दिवाळी पहाट छोट्या रेकॉर्डरवर घेतली, घरी येऊन ऐकतो तर ललत रागाच्या आलापात नुसतं भुडभुड भुडभुड, फोमची टोपी लावली होती तरी. ऑडेसिटी या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रोग्राम (कुठल्या हर्ट्झला किती आवाज आहे ते दाखवणारं चित्र) बघितला, बहुतेक सगळा गाळ खालीच, १०० हर्ट्झच्या आत. आधी अख्ख्या फाईलला १२० हर्ट्झला हाय-पास (त्याच्या खालचे आवाज कापणारा फिल्टर) मारला, वारा गेला पण डग्ग्याचा घुमारापण गेला, फार वाईट वाटलं. मग अनडू करून फक्त वाऱ्याच्या झोताच्या जागा सिलेक्ट केल्या, तिथे ८० हर्ट्झला हाय-पास, २४ डीबी रोल-ऑफ (खालचे आवाज किती झपाट्याने उतरवायचे ते), बाकीला हातच लावला नाही. छान झालं! दोन ठिकाणी सिग्नलच क्लिप झालेला, म्हणजे मर्यादेबाहेर जाऊन फाटलेला, ते नाही सुटलं. यंदा केसाळ विंडशील्ड आणलंय, आणि समोरचा आवाज जास्त घेणाऱ्या कार्डिऑइडऐवजी सगळीकडून सारखा घेणारा ओम्नी माईक, त्याला वारा कमी लागतो.