चुना लावण्याआधी गच्चीवर एक रविवार घालवा

आमचं घर वरच्या मजल्यावर, डोक्यावर नुसता स्लॅब. सोलापुरात पारा 42 च्या पुढं गेला की रात्री अकराला मी स्टुलावर चढून छताला हात लावून बघते. भाकरी उतरवून अर्धा तास झालेल्या तव्यासारखं लागतं. दुपारी गिळलेलं ऊन स्लॅब तेव्हा आमच्या अंगावर सोडत असतो.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर सकाळी अकराला गच्चीवर पत्र्याचा तुकडा, शहाबादी फरशी, एका घमेल्यात रानातली कोरडी काळी माती, दुसऱ्यात तीच माती भिजवून आणि बादलीभर पाणी ठेवा. दोनला हाताची मागची बाजू जवळ न्या. पत्र्याला टेकवू नका, भाजेल. रात्री नऊला पुन्हा तपासा. पत्रा झटकन तापलेला, झटकन निवलेला. फरशी अजून ऊबदार. पाणी मात्र फारसं तापलेलंच नसतं, कारण तेवढ्याच वजनाच्या कोरड्या मातीपेक्षा त्याला एक अंश चढायला चार-पाच पट उष्णता लागते. ओली माती दुपारीही कोरडीपेक्षा गार, कारण एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे 0.67 युनिट विजेइतकी उष्णता घेऊन जातं.

पृथ्वीवर येणाऱ्या उन्हातलं सुमारे 30 टक्के परत फिरतं, निम्म्याच्या आसपास जमीन आणि समुद्र शोषतात. मग ती उष्णता वाफेतून, तापलेल्या हवेतून आणि न दिसणाऱ्या किरणांतून वर जाते. गच्चीवरही हेच.

एका वर्षी मी भर दुपारी स्लॅबवर पाणी ओतलं. तासाभरात कोरडा ठक्क! आमच्याकडं नळ रोज येत नाही, साठवलेलं पाणी असं घालवल्याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून ऊन शोषलं जाण्याआधीच पांढऱ्या चुन्यानं परतवा.

कळीचा चुना आदल्या रात्री लोखंडी पिंपात भिजवा. पाणी पडताच तो रटरट उकळतो, तेव्हा पोरांना लांब ठेवा, डोळ्यांवर चष्मा आणि हातात मोजे हवेतच. निवल्यावर गाळा, थोडं फेविकॉल मिसळा. गच्ची धुऊन, पहाटे स्लॅब गार असताना पहिला हात उभा, वाळल्यावर दुसरा आडवा. पुढं दर आठवड्याला झाडून घ्या. धूळ बसलेला चुना ऊन पुरतं परतवत नाही.

10 मेच्या आसपास, दुपारी साडेबाराच्या जरा आधी, सोलापुरात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. आमचा दुसरा हात मार्चमध्येच वाळलेला असतो.