एसएसडी ऑनलाइन घेताय? डिस्काउंट किती टक्के ते सोडा, जीबीमागे किती पडते ते बघा

जुना लॅपटॉप चालू व्हायला पाच मिनिटं घेत असेल तर हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे चिपवर चालणारी वेगवान डिस्क, टाकाच, त्याच्याइतका फरक दुसऱ्या कशाने पडत नाही. फक्त आधी मशीनमध्ये कोणती बसते ते बघा, कारण चुकीची घेतली तर स्वस्तात मिळून काय उपयोग. अडीच इंची साटा (हार्ड डिस्कच्याच मापाची, त्याच जुन्या जोडणीची) जवळपास सगळ्या जुन्या लॅपटॉपात बसते, पण एम डॉट टू स्लॉट (पट्टीसारखी एसएसडी बसते ती खाच) असेल तर तो साटावाला आहे की एनव्हीएमई, म्हणजे जास्त वेगवान जोडणीचा, हे मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवर बघा, नुसता साटाचा स्लॉट एनव्हीएमई ओळखतच नाही. आणि मशीन जेन थ्रीचं (एनव्हीएमईच्या वेगाची आधीची पिढी) असेल तर पुढच्या जेन फोरला जास्तीचे पैसे कशाला, ती चालेल पण सेकंदाला साडेतीन हजार एमबीच्या आसपासच अडकणार.

आता किंमत. "६५% ऑफ" लिहिलेलं असतं ते एमआरपीवर, आणि त्या एमआरपीला कोणीच विकत नसतं. त्यापेक्षा सरळ भागाकार करा. समजा ५०० जीबी ४,००० ला आहे म्हणजे जीबीला ८ रुपये, आणि १ टीबी ६,५०० ला म्हणजे साडेसहा, मग थोडे वाढवून मोठी घेतलेली परवडते. अ‍ॅमेझॉनवरची असेल तर कीपा या भावाचा इतिहास दाखवणाऱ्या साइटवर आलेख बघा, सेलच्या आधी भाव चढवून मग उतरवलाय का ते लगेच दिसतं. फ्लिपकार्ट आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवाल्या प्राइमएबीजीबीसारख्या दुकानांच्या साइटपण उघडा, कधीकधी तिथेच कमी असते. कार्डाची १०% सूट धरताना कमाल किती मिळणार ते वाचा, आणि नो कॉस्ट ईएमआयमध्ये व्याजावरचा जीएसटी आपल्याच खिशातून जातो.

स्वस्त का आहे हेपण बघा. सॅमसंगची ८७० इव्हो आणि ८७० क्यूव्हीओ, नावं किती सारखी, पण १ टीबीला इव्होची मेमरी टीएलसी (जास्त टिकणारी), ६०० टीबीडब्ल्यू (म्हणजे एकूण किती टीबी लिहिण्यापर्यंत कंपनीची हमी) आणि ५ वर्षं वॉरंटी, क्यूव्हीओची क्यूएलसी (स्वस्त, कमी टिकणारी), ३६० टीबीडब्ल्यू आणि ३ वर्षं. सिनेमे-फोटो साठवायला क्यूव्हीओ चालेल, विंडोज टाकायला मी इव्होच घेईन. आणि १६ टीबीची पोर्टेबल एसएसडी दोन हजारात दिसली तर हातसुद्धा लावू नका, असल्यांच्या आत मेमरी कार्ड चिकटवलेलं निघतं, कॉपी केलेले फोटो दिसतात पण उघडत नाहीत.

शेवटचं, विक्रेता कोण ते बघा आणि पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा. मी गेल्या दिवाळीत एकाकडून सगळ्यात कमी भावाची घेतली, सील व्यवस्थित, डबा कोरा, आणि क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून बघतो तर पॉवर ऑन अवर्स, म्हणजे आतापर्यंत चाललेले तास, २,१४०, म्हणजे कुठेतरी तीन महिने अखंड चाललेली. व्हिडिओ आणि स्क्रीनशॉट दोन्ही होते म्हणून नऊ दिवसांनी पैसे परत आले. तेव्हा एसएसडी आली की त्याच दिवशी लावा, हे आकडे बघा आणि सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून भारतातली वॉरंटी दाखवतेय का ते तपासा, रिप्लेसमेंटची मुदत बऱ्याचदा आठवडा-दहा दिवसांचीच असते.