ट्रॅमाडॉल मिळेनासं झाल्यावर: माजी सैनिकांनी जुनाट दुखणं कसं सांभाळावं

सैन्यातून घरी आल्यावर कंबर, गुडघे, मान किंवा कापलेला पाय वर्षानुवर्षं दुखत राहतो. ट्रॅमाडॉल या वेदनाशामक गोळीवर दिवस निघतात आणि एके दिवशी मेडिकलवाला म्हणतो, "नवीन चिठ्ठी आणा, याच्यावर देता येणार नाही." तो अडवणूक करत नाही. मार्च २०१४ पासून ही गोळी शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे कडक नोंद ठेवून विकायच्या औषधांच्या यादीत आहे. डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव आणि किती गोळ्या दिल्या हे वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ते ३ वर्षं जपावं लागतं. एप्रिल २०१८ मध्ये ती अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याखालीही आली. कटकट नको म्हणून कित्येक दुकानदार ती ठेवतच नाहीत. म्हणून गोळी कमी करणं आणि हालचाल वाढवणं, दोन्ही एकाच वेळी आखून करावं लागतं.

गोळी एकदम तोडू नका

काही आठवडे रोज ट्रॅमाडॉल घेतली असेल आणि ती अचानक थांबली, तर एक-दोन दिवसांत घाम, जुलाब, अंगावर काटा, सतत जांभया, बेचैनी आणि झोप उडणं सुरू होतं. या गोळीचा परिणाम मेंदूतल्या सेरोटोनिनवरही होत असल्याने काहींना प्रचंड घबराट होते, अंगात करंट गेल्यासारखं वाटतं. अशा वेळी दुखणंही भडकतं आणि माणसाला वाटतं, आजार वाढला. प्रत्यक्षात शरीर गोळी मागत असतं.

डोस उतरवण्याचा ढोबळ हिशेब असा: वर्षाहून जास्त काळ घेत असाल तर महिन्याला सुमारे १० टक्के, त्याहून कमी काळ असेल तर डॉक्टर थोडा वेग वाढवू शकतात. अडचण येते ती ५० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलची. दिवसाला २०० मिलिग्रॅमचे १० टक्के म्हणजे २०, आणि कॅप्सूल तर अर्धी होत नाही. ती उघडून अंदाजाने पावडर घेऊ नका. ३७.५ मिलिग्रॅम ट्रॅमाडॉल आणि ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल अशी जोडगोळी मिळते. तिच्या मदतीने पायऱ्या लहान करता येतील का, हे डॉक्टरांना विचारा. एसआर लिहिलेली, म्हणजे हळूहळू औषध सोडणारी गोळी तोडू किंवा चावू नका. बारा तासांचं औषध एकदम अंगात जातं. नसांच्या दुखण्यावरची प्रीगाबालिनही अशीच हळूहळू उतरवायची असते.

डबीत १० दिवसांच्या गोळ्या उरल्या की ईसीएचएसचं (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं) पॉलिक्लिनिक गाठा, शेवटच्या गोळीची वाट पाहू नका. खंड पडलाच असेल तर नंतर हाती आलेला जुना पूर्ण डोस एकदम घेऊ नका. शरीराची सवय मोडलेली असते, श्वास मंदावू शकतो. कॅन्टीनच्या रमबरोबर हा धोका कित्येक पटींनी वाढतो. गोळ्या चालू असताना दारू पूर्ण बंद ठेवा.

रिकाम्या जागी काय येऊ देऊ नये

ट्रॅमाडॉल गेली की लोक डायक्लोफेनॅक किंवा एसिक्लोफेनॅक या सूज-दुखण्यावरच्या गोळ्यांकडे वळतात, तीही चिठ्ठीविना. बीपीसाठी रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टन आणि सोबत लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर या तिघांच्या मेळाने किडनी बसू शकते. पॅरासिटामॉल रोज घ्यायची असेल तर साठीनंतर दिवसाला ३ ग्रॅमच्या आत ठेवणं बरं. पाकीट वाचा, ती बऱ्याच जोडगोळ्यांमध्ये लपलेली असते. "सांधेदुखीची गॅरंटी" म्हणून विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड असू शकतं. चार दिवसांत आराम आणि पुढे चेहरा सुजून साखर वाढली, तर संशय घ्या. पुडीही अचानक बंद न करता डॉक्टरांना दाखवा.

नसांच्या दुखण्यावर रात्री १० मिलिग्रॅम अमिट्रिप्टिलिन किंवा ड्युलॉक्सेटिन हे पर्याय डॉक्टरांशी बोलण्यासारखे आहेत. प्रोस्टेटचा त्रास किंवा काचबिंदू असेल तर अमिट्रिप्टिलिनआधी ते आवर्जून सांगा. ट्रॅमाडॉल अजून चालू आहे हेही सांगा, कारण ड्युलॉक्सेटिनबरोबर ती धोक्याची ठरू शकते.

कामाचं माप घड्याळाने ठरवा

यानेही बराच फरक पडू शकतो आणि फौजी माणसाला हेच सगळ्यात जड जातं. हाती घेतलेलं काम पुरं करायची शिस्त अंगात भिनलेली असते. बरं वाटलं की एका दमात अख्खा वाफा खुरपायचा आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात काढायचे, असं चक्र सुरू होतं. ते असं मोडा:

१. एकच काम घ्या, समजा खुरपणी. तीन दिवस, दुखणं वाढायला लागेपर्यंत किती मिनिटं गेली ते लिहा. समजा २५, १५, २०. सरासरी २०.
२. त्यातून पाचवा हिस्सा वजा करा. १६ मिनिटं ही तुमची सुरुवात.
३. मोबाइलवर गजर लावा. वाजला की थांबा, दुखत असो वा नसो. तितकाच वेळ उभं राहा, चाला, मग पुढची पाळी.
४. आठवडाभर जमलं तरच साधारण १० टक्के, म्हणजे दीड-दोन मिनिटं वाढवा.

चुकतं ते चांगल्या दिवशी. गजर बंद करून "एवढी सरी उरकतो" म्हटलं की आठवड्याची कमाई जाते. दुखणं उसळलंच तर दोन दिवस सगळ्या वेळा निम्म्या करा, पण खाटेला खिळून राहू नका. शेक १५ ते २० मिनिटं पुरे, मध्ये टॉवेल ठेवून. मधुमेहाने बधिर झालेल्या पायाला शेक देऊच नका, भाजलेलं कळत नाही.

नसलेल्या पायाची कळ

आधी तपासा. खुंटावर एका ठरावीक जागी दाबल्यावर झटका बसत असेल, तर नसेची गाठ किंवा सॉकेटची (कृत्रिम पायाच्या ज्या कपात खुंट बसतो त्याची) चूक असू शकते. ते पुण्याच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरसारख्या ठिकाणी दाखवा. कापून गेलेल्या पायाच्या बोटांत, टाचेत कळ येत असेल तर आरशाचा उपाय करून पाहा. अमेरिकेतल्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयाच्या २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत याचा चांगला परिणाम दिसला होता.

साधारण २ बाय ४ फुटांचा आरसा घ्या. पलंगावर पाय पसरून बसा आणि आरसा दोन पायांच्या मध्ये, लांब बाजू पलंगावर टेकवून उभा ठेवा. चकचकीत बाजू शाबूत पायाकडे, खुंट मागे झाकलेला. घोट्यातला काळा दोरा, मोजा काढून ठेवा. खूण दिसली की प्रतिबिंब म्हणजे नसलेला पाय, असं मेंदूला वाटत नाही. आता प्रतिबिंबाकडे पाहत बोटं हळू मिटा-उघडा, पंजा वर-खाली करा आणि नसलेल्या पायानेही तेच करण्याचा प्रयत्न करा. रोज १५ मिनिटं, ४ आठवडे, टीव्ही बंद ठेवून. पहिल्या दिवसांत कळ वाढली किंवा गरगरलं तर ५ मिनिटांवर या आणि नुसतं पाहा. दोन्ही पाय गेलेल्यांना हा उपाय लागू पडत नाही.

डॉक्टरपुढे ठेवायचा कागद

पॉलिक्लिनिकमध्ये वेळ थोडा मिळतो. ईसीएचएस कार्ड, डिस्चार्ज समरी आणि चालू गोळ्यांची रिकामी पाकिटं न्या. वर एक पान जोडा: दोन आठवड्यांत रोज किती मिनिटं चाललात, किती तास झोपलात, कोणती गोळी किती वाजता घेतली. "फार दुखतं" यापेक्षा "६ मिनिटं उभं राहिलो की डावा पाय बधिर होतो" यावर रेफरल (पुढच्या डॉक्टरांकडे पाठवणारी चिठ्ठी) मिळणं सोपं जातं. मागणी स्पष्ट करा: डोस उतरवण्याचा लेखी तक्ता, फिजिओथेरपी आणि गरज असेल तर पेन क्लिनिक. झोप उडून मनात नकोसे विचार येत असतील तर तेही इथेच सांगा. १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

कंबरेच्या दुखण्यात लघवी अडली, संडासावरचा ताबा गेला, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पाय लुळा पडला, तर रेफरलची वाट न पाहता त्याच रात्री मोठ्या रुग्णालयाच्या इमर्जन्सीत जा.