भरपूर पाणी पिऊनही गळून जाताय? या चुका टाळा

ऊन तापलं की ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला सगळीकडून कानावर पडतो. तो चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. घामावाटे नुसतं पाणी जात नाही, मीठही जातं. एक लिटर घामात साधारण अर्धा ते दोन ग्रॅम सोडियम असू शकतं. कुणाचा घाम अळणी असतो, तर कुणाच्या शर्टावर वाळल्यावर पांढरे डाग उमटतात. असे डाग पडत असतील तर तुमचं मीठ जास्त जातंय असं धरून चला. पोटॅशियम त्या मानाने फारच थोडं जातं, त्यामुळे उन्हातून आल्यावर पहिला विचार सोडियमचा करायचा.

तहान नसताना पाणी रिचवणं

सगळ्यात धोक्याची चूक हीच, कारण ती करताना आपण काही चांगलं करतोय असंच वाटत असतं. निरोगी मूत्रपिंडं तासाला फार तर लिटरभर पाणी बाहेर टाकू शकतात, आणि कष्टाचं काम किंवा व्यायाम चालू असताना त्याहूनही कमी. वरचं पाणी रक्तात साठतं आणि सोडियम विरळ होतं. रक्तातलं सोडियम लिटरला 135 मिलिमोलच्या (विरघळलेल्या पदार्थाचं प्रमाण मोजायचं एकक) खाली घसरत गेलं की डोकं दुखू शकतं, मळमळतं, चित्त थाऱ्यावर राहत नाही. प्रमाण फारच घसरलं तर झटके येतात. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या 488 धावपटूंपैकी 13 टक्के जणांचं सोडियम असं घसरलेलं आढळलं होतं.

पंचाईत अशी, की डोकेदुखी आणि मळमळ पाणी कमी पडल्यावरही होते. मग माणूस आणखी पाणी पितो. फरक ओळखायची सोपी खूण म्हणजे वजन. घाम गाळून आल्यावर वजन कमी भरायला हवं. ते वाढलं असेल, बोटं सुजून अंगठी रुतत असेल, पोटात पाणी डचमळत असेल तर पेला खाली ठेवा. त्यात डोकंही दुखत असेल किंवा गोंधळल्यासारखं होत असेल तर लगेच डॉक्टर गाठा.

वजन घटलं असेल तर हिशेब सरळ आहे: एक किलो म्हणजे जवळपास एक लिटर. पुढच्या काही तासांत त्याच्या सव्वा ते दीडपट द्रव थोडाथोडा घ्यायचा, कारण काही लघवीवाटे जाणारच. उन्हात राबणाऱ्यांसाठी ‘नायोश’ या अमेरिकी संस्थेचा सल्ला असा: दर 15-20 मिनिटांनी पेलाभर, म्हणजे सुमारे 240 मिली पाणी, आणि तासाला 1.4 लिटरच्या वर मुळीच नाही.

ओआरएस अंदाजपंचे कालवणं

लिटरभर पाण्याची अख्खी पुडी एका पेल्यात ओतणारे खूप. ‘कडक केलं की लवकर गुण येतो’ असा समज त्यामागे असतो. होतं उलटंच: दाट द्रावण आतड्यात पाणी खेचून घेतं, आणि जुलाब चालू असतील तर ते वाढतात. लहान मुलांच्या रक्तात सोडियम धोकादायक पातळीवर चढू शकतं. फार पातळ केलं तर ते नावापुरतंच उरतं.

हे प्रमाण असं काटेकोर का? लहान आतड्याच्या अस्तरात सोडियम आणि ग्लुकोज यांना जोडीने आत घेणारी वाट आहे (रॉबर्ट क्रेन यांनी 1960 मध्ये ही कल्पना मांडली), आणि त्यांच्यामागे पाणी ओढलं जातं. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात दोन्ही सारखेच आहेत: लिटरला 75-75 मिलिमोल. साखर तिथे चवीसाठी नसते. पुडी 200 मिलीची आहे की लिटरची, ते आधी वाचा. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. शीग लावू नका. चाखून पाहा, अश्रूंपेक्षा खारट लागलं तर ओतून द्या. कालवलेलं 24 तासांनंतर वापरायचं नाही.

आणि तासभर फिरून आल्यावर ओआरएस कशाला? एरवी मीठ बेताने खाणाऱ्यालाही तेवढ्याला पाणी आणि नेहमीचं जेवण पुरतं. कित्येक तास घाम गळत असेल, उलट्या-जुलाब असतील, तेव्हा ते हवं.

बाटलीवरच्या नावावर भुलणं

खेळाडूंसाठीच्या बहुतेक पेयांत सोडियम ओआरएसच्या मानाने बरंच कमी आणि साखर भरपूर असते. नाव काहीही असो, मागचा सोडियमचा आकडा बघा. बेताच्या चहा-कॉफीने शरीर कोरडं पडत नाही, तो धाक उगाच घातला जातो. दारूने मात्र लघवी वाढते.

लघवीच्या रंगावर आंधळा विश्वास

फिकट पिवळा रंग ठीक, गडद असेल तर पाणी कमी पडतंय. पण सकाळची पहिली लघवी गडदच असते, आणि बी जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी ती भडक पिवळी होते.

पायात गोळे आले की मिठाच्या गोळ्या

नुसत्या मिठाच्या गोळ्यांनी पोट बिघडतं, मळमळतं. शिवाय गोळे प्रत्येक वेळी मिठामुळेच येतात असं नाही. थकलेला स्नायूही आखडतो. आधी सावलीत बसून तो हळूहळू ताणा.

एकच सल्ला सगळ्यांना

उतारवयात तहान मंदावते, त्यांना आठवण करून द्यावी लागते. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर पाणी आणि मीठ दोन्हींचं प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

उष्माघातात पाणी पाजत बसणं

माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, अंग भाजल्यासारखं तापलं, की पाणी पाजण्याची वेळ टळून गेलेली असते. रुग्णवाहिका बोलवा, जादा कपडे काढा, अंगावर गार पाणी ओता, वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात थेंबही घालू नका, तो श्वासनलिकेत जाऊ शकतो.