जुन्या मोटारहोममधील पाण्याची गळती शोधताना
फरशीवर ओल दिसली म्हणून लगेच फळ्या उचकटायला घेऊ नयेत; आधी पंपाचा आवाज ऐकावा. टाकीत पाणी असताना पंप चालू करून सगळे नळ, अगदी बाहेरच्या शॉवरचासुद्धा, घट्ट बंद करावेत. पाइपांत पुरेसा दाब भरला की पंप थांबतो. नंतर कोणी पाणी वापरत नसतानाही तो मधूनमधून क्षणभर घरघरत असेल, तर एकतर कुठल्यातरी जोडातून पाणी निसटते आहे, किंवा पंपातली एकदिशा झडप झिजल्यामुळे ते टाकीतच परत जात आहे. यातले नेमके काय, हे ठरवण्यासाठी पंप बंद करून, दाब-नियंत्रक लावून, गाडीला बाहेरच्या पाणीपुरवठ्याच्या नळाची जोडणी द्यावी. टाकीची पातळी आपोआप चढू लागली, तर झडपेवरच संशय घ्यावा.

पातळी स्थिर राहिली, तर प्रत्येक जोडाखाली कोरडा टिश्यू पेपर ठेवून तासाभराने पाहावा, कारण बोटाला न जाणवणारा थेंब कागदावर डाग होऊन उमटतो. सुरुवात पंपाची गाळणी, गीझरची मागची बाजू आणि टॉयलेटची झडप येथून करावी. हादऱ्यांनी क्लॅम्प सैल होतात आणि कडाक्याच्या थंडीत आत पाणी गोठले की प्लास्टिकला तडे जातात. 1995 पूर्वीच्या काही गाड्यांत करड्या पॉलिब्युटिलीनचे पाइप असतात. त्यांचे प्लास्टिकचे जोड आवळत बसण्यापेक्षा बदललेले बरे.

फक्त सिंक वापरल्यावर ओल येत असेल, तर सांडपाण्याचा ट्रॅप, म्हणजे सिंकखालचा वळणदार पाइप, तपासावा. टाकी रिकामी असतानाही ओल वाढली, तर पाइपांचा नाद सोडून छताच्या व खिडक्यांच्या सांध्यांकडे वळावे.