जातीभेद पाळणार नाही असं ठरवलं ना, मग आधी गिलास बघा

जातपात पाळणार नाही असं ठरवणं लय सोपं आहे बाप्पा, १४ एप्रिलला स्टेटस ठेवलं की झालं. पण स्टेटस ठेवणाऱ्याच्याच घरी मजुरांचा गिलास वेगळा असतो, अन हे मी दुसऱ्याचं नाही, माझ्या घरचं सांगतोय. आमच्या सपरीत कोनाड्यात एक स्टीलचा गिलास होता, कडेला चेपलेला. निंदणाच्या बाया त्यातच पाणी प्यायच्या, स्वतःच विसळून उपडा ठेवायच्या. मी रोज बघायचो, पण वयाची बत्तीस वर्षं ओलांडेपर्यंत त्यात काही खटकलं नाही.

म्हणून पहिले आठ दिवस काहीच करू नका, फक्त बघा. पाणी कोणाला वरून ओततात, ओट्याखाली कोण बसतं, बापाच्या वयाच्या माणसाला 'अरे' कोण म्हणतं, मोटरचं केबल चोरीला गेलं की पारधी बेड्याचं, म्हणजे त्यांच्या वस्तीचं, नाव पहिले कोणाच्या तोंडी येतं. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं अख्ख्या जमातीच गुन्हेगार ठरवून टाकल्या, तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, आपल्या तोंडातून काही गेला नाही. दिसलं ते वहीत लिहा. स्वतःचं पण.

मग एकच गोष्ट घ्या अन तारीख टाकून लिहा. 'मी समता मानीन' असलं मोघम नको, ते मोडलं तरी कोणाला कळते? बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात २२ प्रतिज्ञा दिल्या, त्या वाचा, त्यातल्या कितीतरी 'मी हे करणार नाही' अशा सरळ आहेत. माझी होती, 'घरात वेगळा गिलास ठेवणार नाही'. बस.

घरी भाषण देऊ नका. मी दिलं, माय म्हणे, गिलास घासलेलाच असते ना, मग काय बिघडलं? शेवटी मीच त्या चेपक्या गिलासात पाणी प्यायला लागलो, दोन दिवस ती बोलली नाही, तिसऱ्या दिवशी गिलास ढेपीच्या पोत्यात गेला मापाला. पण खरी फजिती पुढेच, बायांमधल्या एका मावशीनंच विचारलं, "भाऊ, आमचा गिलास कुठी गेला?" तिला माझ्या मायचं भेव. तर कोणाला हात धरून स्वयंपाकघरात बसवू नका, तुमच्या प्रतिज्ञेपायी बोलणी तिला खावी लागतात. गिलास सगळे एकाच ट्रेमध्ये ठेवा अन वापरून झाले की आपण विसळा, एवढं पुरते.

पानठेल्यावर खर्रा घोटता घोटता कोणी जातीवरून बोललं तर "माझ्यासमोर नको बोलू" इतकंच म्हणायचं, वाद घालत बसलं की त्याला मजा येते.

जड काम साक्षीचं आहे. जातपंचायतीनं किंवा समाजानं आपल्यातल्याच एखाद्या घराशी बोलणं, किराणा, मजुरी बंद केली तर २०१६ च्या सामाजिक बहिष्काराच्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. दलित-आदिवासींवर अत्याचार झाला तर १९८९ चा ॲट्रॉसिटीचा कायदा आहे, १४५६६ हा फोन फुकट लागतो. पण डोळ्यानं बघितलेला माणूस जबाबाच्या वेळी "मी वावरात होतो" म्हणाला की कायदा काय करणार? तेव्हा बघितलं असेल तर त्याच रात्री तारीख, वेळ, शब्द लिहून ठेवा, उद्या भावकी घरी येऊन बसली की आठवण पातळ होते.

लग्नाच्या पंगतीचं अजून माझ्याच्यानं झालं नाही. मागच्या उन्हाळ्यात काकाच्या मांडवात बँडवाल्यांना शेवटी वेगळं बसवलं, अन मी वरणाची बादली घेऊन तसाच पुढे गेलो. ते वहीत आहे, तारखेसकट.